मुकुटशूळ

एका राज्यात राजाचे डोके दुखत असे. दुसऱ्या राज्यांच्या कहाण्या आवडत्या राणीपासून नाहीतर नावडत्या राणीपासून सुरू होतात. ह्या राज्याची कहाणी राजाच्या डोक्यापासून सुरू करावी लागते, कारण राजावाचून आणखी कोणाला डोके आहे असे त्या राज्यात कोणी धरीतच नव्हते.

राजाचे नाव धैर्यकेतू. केतूंचे घराणे फार जुने आणि त्या घराण्याला एक खूण होती. वयात येता येता ओठांवर, जिभेच्या शेंड्यावर, बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके उठत. बोटाने दाबले तर मावळत, बोट काढले की पुन्हा उमटत. नाकातून रक्त येई, तेही मार लागल्यावाचून, जेवताना किंवा हसताना. आणि अधूनमधून अर्ध्या मस्तकात शूळ उठे. आधी डोळ्यांपुढे उजेडाची एक कमान थरथरत येई, करवतीच्या दात्यांसारखी दातेरी. ती विझली की अर्धे डोके कोणी घणाखाली धरल्यासारखे होई.

हेच एखाद्या तेल्याच्या घरात झाले असते तर शेजारीपाजारी म्हणाले असते, ह्यांच्या रक्तातच काही खोट आहे. पण राजाच्या रक्तात खोट कशी असेल? आपला तो बाब्या. राजपुरोहितांनी पोथ्या सोडल्या, पोथ्या बांधल्या आणि सांगितले, की ठिपके ही देवीच्या बोटांची खूण, नाकातले रक्त हे उतू गेलेले तेज आणि शूळ म्हणजे मुकुटाचा भार. त्या दिवसापासून दुखण्याला नाव पडले मुकुटशूळ. ठिपके असतील त्यालाच गादी मिळू लागली. सून आणायची तीही ठिपकेवाल्या भाऊबंदांतूनच. अंगणातल्या आजाराला असा मांडव घातल्यावर तो वेलासारखा चढला, ह्यात नवल ते काय?

राजाला शूळ उठला की राजवाड्याच्या गच्चीवर पांढरे निशाण चढे. निशाण दिसले की नगरातले मुसळ उखळातच थांबे. लोहार हातोडा खाली ठेवी. देवळातल्या घंटांना फडकी गुंडाळत, कोंबड्यांवर डालगी पालथी पडत, तान्ह्या मुलांच्या तोंडात मधाचे बोट जाई. खिडक्यांवर घोंगड्या लागत. राजा अंधारात पडून राही आणि सगळे नगर त्याच्यासाठी श्वास धरून बसे. हा रिवाज मला वाईट वाटत नाही. दुखणाऱ्याला शांतता द्यावी, ह्यात वाईट काय आहे? वाईट पुढेच आहे.

पुढे असे, की राजावाचून दुसऱ्या कोणी डोके दुखते म्हटले तर तो गुन्हा होता. राजाची वेदना चोरल्याचा गुन्हा. चोराला भर उन्हात ढोलाच्या चौथऱ्यावर बसवीत आणि भोवती ढोल बडवीत. मान खाली घालून तो म्हणे, दुखत नाही हो, खरेच दुखत नाही, की त्याला सोडीत आणि कारकून लिहून घेत, की ह्याचे दुखणे खोटे होते. अशा रीतीने त्या राज्यात आजवर एकाचेही दुखणे खरे ठरले नव्हते. न्याय म्हणतात तो असा.

धैर्यकेतूची राणी मंजुळादेवी. तीही ठिपक्यांच्याच घरातली, तेव्हा तिलाही तो शूळ होता. राजवैद्यांनी तिची नाडी पाहून सांगितले, "स्त्रियांना शूळ नसतो, रुसवा असतो." राणी त्यानंतर शूळाविषयी कधी बोलली नाही. जांभळ्या सुती कापडाची एक पट्टी ती पाण्यात भिजवून कपाळाला घट्ट आवळी, तिच्यावर बिजवरा बांधी आणि हसतमुखाने बाहेर येई. लोक म्हणत, राणीसाहेब किती शांत आहेत!

राजवाड्यापुढे एक कारंजे होते. वर्षातून एकदा त्याचा उत्सव भरे. राणीने दिवसभर कारंज्याच्या चौथऱ्यावर उभे राहायचे आणि भोवती ढोलताशे वाजायचे, असा नेम. एका उत्सवात राणीने आपल्या थोरल्या मुलीचा, हेमकळेचा हात धरला आणि ओठ न हलवता म्हणाली, "हेमा, कमान आली." मग ती लोकांकडे पाहून हसली. थोड्या वेळाने तिचा उजवा हात लोंबकळला. ती काही बोलू गेली, तो शब्द अर्धाच राहिला, आणि ती पाण्यात पडली. ढोल थांबले नाहीत. निशाण चढले नव्हते, तर ते थांबतील कसे? पुरोहित म्हणाले, राणीसाहेब तेजात विलीन झाल्या. हेमकळेने आईच्या कपाळाची ओली पट्टी सोडवून घेतली आणि आपल्या कमरेला बांधली. तिला रडायचे होते, पण तिचेही डोके दुखत होते, आणि रडले की ते आणखी दुखते हे तिला ठाऊक होते.

ह्याला काही वर्षे लोटली. धाकटी राजकन्या सोनकळा आठ वर्षांची झाली. एके सकाळी दाई सगुणा तिला दूध द्यायला गेली आणि तिच्या हातातला पेला खाली आला. सोनकळेच्या खालच्या ओठावर लाल ठिपके उमटले होते. राजवाड्यात साखर वाटली गेली. चौघडा झडला. पुरोहितांनी मुहूर्त काढला, की येत्या उत्सवात कारंज्याच्या चौथऱ्यावर, आईच्या जागी, सोनकळा उभी राहील. थोरल्या हेमकळेला ठिपके उठलेच नव्हते, म्हणून ती जागा इतकी वर्षे रिकामी होती.

सोनकळा बहिणीला म्हणाली, "ताई, माझ्या डोळ्यांपुढे सोनेरी झालर हलते. तुला दिसते का गं?"

हेमकळेने हे ऐकले मात्र, ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, सोनूला उत्सवात उभे करू नये."

"तिला ठिपके उठले आहेत. आता ती घराण्याची शोभा आहे."

"तिचे डोके दुखते."

राजाने राजवैद्यांकडे पाहिले. राजवैद्य म्हणाले, "राजकन्येला मुकुट नाही. मुकुटावाचून मुकुटशूळ कसा होईल?"

दरबार माना डोलवू लागला. राजा बोले आणि दळ हाले, तशी वैद्य बोले आणि मान हाले.

"महाराज, आईसाहेबांनाही मुकुट नव्हता," हेमकळा म्हणाली.

"म्हणूनच त्यांना शूळ नव्हता," राजा म्हणाला. पण हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

हेमकळा कारंज्याच्या काठी येऊन बसली. पाणी उसळत होते, तांबूस, मातकट. नगरात त्याला भाग्यधारा म्हणत. तिथे एक टिटवी गाळात चोच खुपसून उभी होती. टिटवीने मान वर केली आणि म्हणाली, "ह्या पाण्यात तुझी आई पडली. ह्या पाण्यानेच ती गेली."

पक्षी बोलला ह्याचे नवल करू नका. त्या राज्यात माणसे बोलत नव्हती, कोणीतरी बोलायला हवे होते.

"नीट सांग," हेमकळा म्हणाली.

"तुझा खापरपणजा विक्रमकेतू. त्याच्या काळी नदीचे पाणी डोंगरातून उतरून तीन तळ्यांत थांबे. वाळूच्या तळ्यात माती सोडी, वाळ्याच्या तळ्यात वास सोडी, निवळतळ्यात उरलासुरला गाळ सोडी आणि मग नगरात आणि खालच्या वाड्यावस्त्यांत जाई. पाण्याची राखण एक पाटकरीण करी. पाट उघडणे, पाट मोडणे, कोणाला किती पाणी, सगळे तिच्या हाती. पाण्याची जादू तिला येत होती. विक्रमकेतूला कारंजे हवे होते आणि लगेच हवे होते. तीन तळी भरेपर्यंत थांबणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने नदीपासून राजवाड्यापर्यंत एक चोरपाट खोदला. न गाळलेले पाणी धावत आले आणि कारंजे उडाले. त्याचे सांडपाणी खालच्या वस्त्यांत गेले. तिथली मुले ते प्याली. त्यांत पाटकरणीची मुलगीही होती."

"मग?"

"मग पाटकरणीने चोरपाटाचे दार उखडून नेले, म्हणजे तो कोणाला मिटता येऊ नये, आणि शाप दिला. 'तू पाण्याला आडवाट दिलीस. तुझ्या वंशात रक्ताला आडवाट फुटेल. ते छातीतल्या गाळणीत थांबणार नाही. न गाळताच मस्तकात चढेल.' तुमच्या घराण्याचे तेज म्हणतात ते हे, राजकन्ये. फुटका पाट."

"उःशाप?"

"तुमच्या रक्ताच्या हाताने चोरपाट मिटायला हवा. त्या दाराचा अडसर पहिल्या तळ्यात आहे, फळी दुसऱ्यात. तिसऱ्यात ती स्वतः बसली आहे, तिची परवानगी लागेल. तिन्ही तळी आता रानात गेली. मी तिथे अंडी घालते, म्हणून मला वाट ठाऊक."

"तू एवढीशी टिटवी. तुझ्यावर भरवसा ठेवू?"

"टिटवीनेही समुद्र आटवला होता," टिटवी म्हणाली आणि उडाली.

हेमकळेने सोनूला सगुणेच्या ओटीत घातले. "मी येईपर्यंत हिला अंधारात निजवायचे. खिडकीला घोंगडी लावायची." सगुणा म्हणाली, "बाईसाहेब, निशाणावाचून घोंगडी लावली तर मला चौथऱ्यावर बसवतील." हे म्हणता म्हणता सगुणेनेच उठून घोंगडी आणली आणि खिळ्याला अडकवली.

पहिले तळे वाळूचे. काठावर बैलगाडीच्या चाकाएवढा खेकडा बसला होता.

"अडसर तळाशी आहे. दिसला तर घेऊन जा," तो म्हणाला.

उत्सव तोंडावर आला होता. हेमकळा धावतच पाण्यात शिरली. पाणी ढवळले, लाल झाले आणि एका लाटेने तिला काठावर आणून टाकले. ती पुन्हा धावली. पाण्याने पुन्हा आणून टाकले. तिसऱ्या खेपेस ती ओरडली, "माझी बहीण मरेल! मला वेळ नाही!"

"विक्रमकेतूही हेच म्हणाला होता," खेकडा म्हणाला.

हेमकळा खाली बसली. अशा वेळी बसून राहणे म्हणजे काय, हे ज्याचे जळते त्यालाच कळते. एकेक क्षण सोनूच्या अंगावरून जातो आहे असे तिला वाटत होते. पण ती बसून राहिली. लाल पाणी तांबूस झाले, तांबूस होते ते पिवळट झाले आणि हळूहळू वाळू दिसू लागली. वाळूवर लोखंडी अडसर पडला होता. तिने सावकाश पाण्यात उतरून तो उचलला. एक कणही हलला नाही.

दुसरे तळे वाळ्याचे. मुळांची जाळी पाण्यात लोंबत होती आणि त्या मुळांत एक पांढरा सर्प राहत होता. हेमकळा पाण्यात उतरली तोच उन्हाची तिरीप पाण्यावरून तिच्या डोळ्यांत गेली आणि कमान आली. दातेरी, थरथरती. मग अर्धे डोके पेटले. तिने सवयीने चेहरा सरळ केला आणि ओठांवर हसू आणले. आईकडून मुलींना दागिने मिळतात, तिला हे मिळाले होते.

सर्पाने विचारले, "काय होते आहे?"

"काही नाही."

वाळ्याची मुळे तिच्या घोट्यांना आवळली.

"काय होते आहे?"

"काही नाही. ऊन लागले थोडे."

मुळे कमरेपर्यंत आली.

"राजकन्ये, हे तळे खोटे पुढे जाऊ देत नाही. त्यासाठीच ते खोदले आहे. काय होते आहे?"

मुळे गळ्यापाशी आली. हेमकळेने तोंड उघडले आणि तिला कळले, की आपल्याला तो शब्दच येत नाही. कोणी शिकवलाच नव्हता. ती चाचरली आणि मग तिच्या तोंडून निघाले, "दुखते. डावी बाजू दुखते. डोळ्याच्या मागे दुखते. ह्या उजेडाचा मला राग येतो आणि पाण्याचा आवाज सहन होत नाही. लहानपणापासून दुखते आहे. आईचेही दुखत होते. तिला वाटायचे मला कळत नाही आणि मला वाटायचे तिला कळत नाही. आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत बसलो."

मुळे सुटली. सर्पाने शेपटीने पाणी ढवळून सागवानी फळी तिच्यापुढे ढकलली. "तुझे दुखणे खरे आहे," तो म्हणाला. त्या राज्यातला हा पहिलाच निवाडा होता, आणि तो सर्पाने दिला. हेमकळा काठावर पडून, आईची पट्टी डोळ्यांवर ओढून, खूप वेळ रडली. रडल्याने डोके आणखी दुखले. दुखू दे, म्हणाली.

तिसरे तळे निवळतळे. त्याचे पाणी इतके नितळ होते की ते आहे की नाही कळत नव्हते. काठावर एक म्हातारी बसली होती. ओंजळीने पाणी मोजून ती एका पाटातून दुसऱ्यात टाकीत होती. हीच पाटकरीण. तिने वर न पाहता विचारले, "माझ्या मुलीचे नाव काय?"

हेमकळा म्हणाली, "मला ठाऊक नाही. आमच्या घरी ते कोणी सांगितले नाही. आम्हीही कोणी विचारले नाही. काय होते तिचे नाव?"

म्हातारीची ओंजळ थांबली. "केतूंच्या घरातून आजवर पुष्कळ जण आले. कोणी सोने आणले, कोणी सैन्य आणले. एक तर मला बांधायला साखळदंड घेऊन आला होता. नाव विचारणारी तू पहिली. येसू तिचे नाव. केसांत मोगरा घालायला आवडायचे तिला."

"येसूचे दुःख खरे आहे," हेमकळा म्हणाली. "पण चोरपाट माझ्या सोनूने खोदला नव्हता. माझ्या आईनेही नाही."

म्हातारीने ओंजळीतले पाणी खाली सोडले. मग म्हणाली, "नव्हता खोदला. शाप देताना मी वंश म्हटले. वंशात मुलीही येतात, हे रागात ध्यानात राहिले नाही. जन्मभर पाणी मोजले मी, पण शब्द मोजायला चुकले. माझ्या मुलीसाठी मी तुमच्या मुली मारल्या. हे मला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. पण दिलेला शाप देणारीला परत घेता येत नाही."

"मग मला पाट मिटू द्या."

"मीट. पण ऐकून ठेव. शाप सुटेल, आडवाटा बुजतील. ठिपके जातील, घराण्याला जडलेला शूळ जाईल. पण जगात डोकी दुखायची राहणार नाहीत. ती शापावाचूनही दुखतात. आणि आणखी एक. मी फक्त रक्ताला आडवाट दिली होती. त्या रक्ताला मुकुट तुम्ही घातला. ते माझे काम नव्हते, त्यामुळे ते सोडवणेही माझ्या हाती नाही."

हेमकळा परतली तेव्हा उत्सवाचे ढोल सुरू झाले होते. सोनकळेला जरीच्या कपड्यांत गुंडाळून चौथऱ्यावर उभे केले होते. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली होती आणि लोक हात जोडून त्या धारेचा जयजयकार करीत होते. सगुणा गर्दीत तोंडात पदर कोंबून उभी होती. सोनू कोणालाच ओळखत नव्हती, ती फक्त हवेत बोटाने काहीतरी गोल गोल काढत होती.

हेमकळा चोरपाटाच्या तोंडाशी उतरली. पाण्याने तिला ढकलले, तिने पाण्याला ढकलले. ढोलाच्या प्रत्येक टिपऱ्याला तिच्या डोक्यात घाव पडत होता. तरी फळी खाचेत बसली. तिने पाठीने फळी दाबून धरली आणि अडसर सरकवला. लोखंडाचा आवाज झाला आणि चोरपाट आटला.

नदी क्षणभर अडली आणि मग जुनी वाट आठवून तीन तळ्यांकडे वळली. कारंजे वीतभर खाली आले, मग हातभर, मग गुडगुड करून बसले. सोनकळेच्या नाकातले रक्त थांबले. ओठांवरचे ठिपके एकेक करून विझले. ती चौथऱ्यावर मटकन बसली आणि म्हणाली, "सगुणे, ताई कुठे आहे? मला भूक लागली."

कहाणी इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते.

दुसऱ्या सकाळी राजा धैर्यकेतू जन्मात पहिल्यांदा हलक्या डोक्याने उठला. दोन वाट्या बासुंदी प्याला, गाणे ऐकले, खिडकी उघडून उन्हाकडे पाहिले. मग त्याने आरसा पाहिला, आणि किंकाळी फोडली. ओठांवर एक ठिपका नाही! ठिपके नाहीत तर राजा कसला? त्याने शिपायांना हुकूम केला, चोरपाट उघडा. शिपाई गेले आणि तसेच परत आले. त्यांची घरे खालच्या वस्त्यांत होती आणि तिथे त्या दिवशी लोकांनी पिढ्यांमागून प्रथमच हंड्याचा तळ दिसेल असे पाणी भरले होते. "अडसर निघत नाही, महाराज," असे ते म्हणाले. अडसराला कोणी हात लावला नव्हता.

तेव्हा राजाने दार लावून घेतले आणि राणीच्या जुन्या पेटीतली, पायांना लावायच्या लाल अळित्याची वाटी काढली. काडीने ओठांवर ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी दरबारात तो ओठ पुढे काढून बसला. राजवैद्यांनी जवळून पाहिले. अळिता त्यांनी ओळखला, कारण तोच त्यांनी सकाळी स्वतःच्या ओठांना लावला होता. राजघराण्याशी आपलेही लांबचे नाते असल्याचे ते सांगू लागले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ठिपक्यांवर भागेना. लोक कुजबुजू लागले, की निशाण बरेच दिवस चढले नाही. मग राजा कपाळाला हात लावून विव्हळला आणि गच्चीवर पांढरे निशाण चढले. नगर गप्प झाले. राजा अंधाऱ्या महालात पडून गुपचूप जिलेबी खाऊ लागला.

हेमकळेने निशाण पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती राजाचे सोंग उघडे पाडायला निघाली. वाटेत सगुणेची खोली लागली. सगुणा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. कपाळाला पटकूर आवळलेले होते.

"हिचेही?" हेमकळा पुटपुटली.

टिटवी खिडकीत येऊन बसली होती. "सकाळपासून दुखत होते. निशाण चढले तशी आडवी झाली. कुंभारवाड्यातली चंद्रा झोपली आहे. सोनाराचा म्हातारा झोपला आहे. केतूंच्या घराशी ह्यांचे नाते नाही, ह्यांचे आपले नुसतेच दुखते. राजकन्ये, खोट्या दुखण्याच्या शांततेत सगळी खरी दुखणी निजली आहेत. आता जा आणि सोंग उघडे पाड. निशाण उतरेल."

हेमकळा दारातच उभी राहिली. बाहेर मुसळाचा आवाज नव्हता, हातोड्याचा नव्हता. सगुणेचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तिने दार अलगद ओढून घेतले आणि राजाच्या महालात गेली.

"महाराज, दुखते का?"

"फार दुखते."

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या," राजा म्हणाला. हात डाव्या बाजूला होता.

हेमकळेने उशीखालून अळित्याची वाटी काढली आणि त्याच्यापुढे धरली. राजा उठून बसला. दाढीला पाक लागला होता.

"काय हवे तुला? गादी हवी?"

"गादी नको. आपले डोके हवे."

राजाने मानेला हात लावला.

"तसे नव्हे," हेमकळा म्हणाली. "राजवाड्याच्या मागल्या दाराच्या कडीला मी आईसाहेबांची पट्टी बांधणार आहे. नगरात ज्याचे डोके दुखेल त्याने येऊन तिच्याशेजारी एक चिंधी बांधावी. चिंधी दिसली की महाराजांना शूळ उठेल आणि निशाण चढेल. चिंधी सुटेपर्यंत महाराज अंधारात पडून राहतील. जिलेबीवाचून."

"रोज चिंधी असली तर?"

"तर रोज दुखेल."

"मी हे का करू?"

"कारण वाटी माझ्याकडे आहे."

राजा कुशीवर वळला. भिंतीकडे पाहत म्हणाला, "मंजुळेचे खरेच दुखत होते का गं?"

"आपल्याला ठाऊक होते," हेमकळा म्हणाली आणि बाहेर आली.

त्यानंतर धैर्यकेतूने पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि त्यातली निम्मी अंधारात काढली. कुंभाराच्या चंद्रेचे दुखे, राजा विव्हळे. सोनाराचे दुखे, राजा विव्हळे. निशाणाखाली ढोल वाजवायचा नाही हा नियम जुनाच होता, त्यामुळे चौथऱ्यावर कोणाला बसवताच येईना. चौथऱ्यावर गवत उगवले. खालच्या वस्त्यांतली मुले वाढली, मोठी झाली. सोनकळा रानोमाळ हुंदडली आणि तिला कमान कधी दिसली नाही. राज्याची घडी बसली. आणि लोक म्हणू लागले, असा राजा होणे नाही, प्रजेसाठी किती सोसतो! त्याच्या पश्चात त्यांनी मोठी समाधी बांधली. तिच्यावर कोरले, की ज्याने जन्मभर शूळ सोसला तो हा. राजवैद्यांच्या मुलाने फुले वाहिली. हेमकळेने ते वाचले आणि तसेच राहू दिले. समाधी उभी राहिली तर निशाणही उभे राहील, एवढा हिशेब तिला येत होता. मंजुळादेवीच्या नावाचा मात्र एक धोंडाही कुठे नव्हता.

हेमकळा गादीवर बसली. ओठांवर ठिपका नसलेली पहिली राणी. तिने दवंडी पिटवली, हळू आवाजात, की निशाण आता राजाचे नाही, ज्याची चिंधी त्याचे आहे. तरीही वर्षातून एकदा, जुन्या उत्सवाच्या दिवशी, ती स्वतः गच्चीवर जाई.

एका वर्षी नव्या पहारेकऱ्याने विचारले, "राणीसाहेब, आज कडीला एकही चिंधी नाही. निशाण कोणासाठी चढवू?"

"जुनी पट्टी आहे ना अजून?"

"ती आहे. तिचा मालक कोण ते ठाऊक नाही."

"आईची आहे," हेमकळा म्हणाली. "तिचे दुखत होते. चढव."

निशाण चढले. नगर गप्प झाले.

कहाणी सांगून झाली. ऐकणाऱ्यांत कोणाचे डोके दुखत असेल, तर त्याला खरे का खोटे विचारू नये. दिवा बारीक करावा, दार ओढून घ्यावे आणि पाऊल न वाजवता बाहेर यावे.